धुरपदाआत्याचा ‘म्या’

करिश्मा पुण्याला हॉस्टेलवर राहायला गेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये तिनं वाढणाऱ्या मावशींना विचारलं, “भात न्हाई का वो?” शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि तेच वाक्य हळू आवाजात, तिच्याच हेलात म्हणून पाहिलं. तिला टोचून कुणी काही बोललं नाही. पण दिवाळीला ती वरवंडला घरी आली ती ‘आहे’ आणि ‘नाही’ शिकूनच. तिचे वडील ईश्वर झेंडूचे क्रेट टेम्पोत लावत होते. “पप्पा, या वेळी माल बरा आहे,” ती म्हणाली. त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं, थोडं हसले आणि पुढचा क्रेट उचलला.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला भाषाविज्ञान शिकवायला एक नवीन मॅडम आल्या. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘मी केलं’ आणि ‘म्या केलं’. यातलं बरोबर कोणतं, असं विचारल्यावर सगळ्या वर्गानं पहिल्याकडे बोट दाखवलं. मॅडम म्हणाल्या, शेकडो वर्षांपूर्वीच्या मराठीत ‘म्यां केलें’ असंच म्हणत. करणारा कोण हे दाखवायला ‘मी’चं ते वेगळं रूप होतं. पुढं शहरातल्या आणि पुस्तकातल्या मराठीनं ते सोडून दिलं, खेड्यांत ते राहिलं. “जुनं आहे म्हणून चांगलं, असंही नाही बरं का,” मॅडम म्हणाल्या. “भाषा बदलत असते. कोण, कुठं, कुणाशी काय बोलतं ते ऐकायचं आणि मोजायचं. बरोबर-चूक ठरवणं हे आपलं काम नव्हे.”

मेसमधल्या त्या दिवसापासून करिश्माच्या मनात जे घट्ट बसलं होतं ते त्या तासाला सैल झालं. आणि तिला धुरपदाआत्या आठवली.

आत्या म्हणजे ईश्वर यांची थोरली बहीण, शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला दिलेली. करिश्मा चौथीत असताना तिच्या आईचं मणक्याचं ऑपरेशन झालं, आई वर्षभर अंथरुणावर होती. ते वर्ष करिश्मा आत्याकडे राहिली. आत्यानं तिच्या वेण्या घातल्या, तिला गाईच्या सडाला हात लावायला शिकवलं, ताप आला तेव्हा रात्रभर मांडीवर घेऊन बसली. आत्या दिवसभर बोलत असायची. माणूस नसलं तर गाईशी, गाय नसली तर चुलीवरच्या तव्याशी. “म्या तुला काय सांगितलं व्हतं?” हे तिचं वाक्य करिश्माला आईच्या आवाजाइतकं पाठ होतं.

एम.ए.ला तिनं त्याच मॅडमच्या हाताखाली भाषाविज्ञानच घेतलं. प्रबंधाचा विषयही ठरलेलाच होता. शिरूर आणि दौंड तालुक्यांत तीन पिढ्यांमध्ये ‘म्या’, ‘तवा’, ‘न्हाई’ यांचं काय झालं, ते पाहायचं. मागच्या काळात जाऊन काही ऐकता येत नाही. पण माणसाचं बोलणं तरुणपणी एकदा बसलं की पुढं फारसं बदलत नाही, असं धरून चालतात. म्हणून एकाच गावातली सत्तरीची बाई, चाळिशीचा माणूस आणि शाळेतली पोरगी यांना ऐकलं, तर बदल कुठून कुठं चाललाय ते दिसतं. आत्याचा मुलगा विक्रम रांजणगावच्या एका कंपनीत होता. तिथं बिहारकडच्या पोरांशी हिंदी, साहेबाशी अर्धं इंग्रजी आणि घरी ‘मी सांगितलं’. त्याची मुलगी पिंकी तर ‘न्हाई’ म्हटल्यावर आजीला दुरुस्त करायची. करिश्माला हव्या तशा तिन्ही पायऱ्या एकाच घरात होत्या.

मार्चमध्ये ती विभागानं दिलेला छोटा रेकॉर्डर घेऊन न्हावऱ्याला गेली. विक्रम आणि पिंकी पटकन बोलून मोकळे झाले. आत्याची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “थांब,” आणि आत जाऊन ठेवणीतली साडी नेसून आली. खुर्चीवर ताठ बसली. रेकॉर्डरचा लाल दिवा लागला तशी समोर बघत म्हणाली, “माझे नाव धुरपदा आहे. माझे गाव न्हावरे आहे. आमच्याकडे कांदा आणि ऊस ही पिके घेतली जातात.”

“आत्या, अगं तू रोज बोलतेस तसं बोल ना.”

“तसेच बोलते आहे,” आत्या म्हणाली.

तासभर हेच चाललं. आत्याला टीव्हीवर शेतीच्या कार्यक्रमात आल्यासारखं वाटत होतं आणि लेकराच्या शिक्षणाला आपल्यामुळं कमीपणा येऊ नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती. एकदा ‘न्हा’ असं तोंडातून निघालं, ते तिनं गिळलं आणि ‘नाही’ केलं. कपाळावर घाम आला होता. करिश्मानं रेकॉर्डर बंद केला.

मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. आपण ऐकतोय हे कळलं की माणूस वेगळं बोलतो, आणि आपल्याला तर कुणी ऐकत नसताना बोलतो ते हवं असतं. त्यावर एक जुना उपायही त्यांनी सांगितला होता. माणसाला विचारायचं, तुम्ही कधी फार घाबरला होता का? ते सांगताना माणूस यंत्र विसरतो. मात्र यंत्र समोर असलं पाहिजे आणि त्याला ते माहीत असलं पाहिजे, हेही मॅडमनी सांगितलं होतं.

संध्याकाळी आत्या धारेला बसली. करिश्मा गोठ्यात जाऊन वैरणीच्या पेंढीवर टेकली. कुर्त्याच्या खिशात तिचा मोबाइल होता आणि त्यावर रेकॉर्डिंग चालू होतं.

“ते यंत्र बंद केलंस न्हवं?” आत्यानं विचारलं.

“हो, केलं.”

ते खरंही होतं. रेकॉर्डर घरात, पिशवीत होता.

“लई अवघाडल्यावानी झालं बया,” आत्या म्हणाली आणि मग तिचं नेहमीचं बोलणं सुरू झालं. गाय, शेजारीण, दुधाचं फॅट, सगळं आलं. करिश्मा मनातल्या मनात मोजत होती. दोनदा ‘म्या’ येऊन गेला होता. तिनं मग तो प्रश्न विचारला. “आत्या, तू कधी लई भ्याली होतीस का गं?”

धारेचा आवाज थोडा मंदावला.  मग आत्या गाईच्या कुशीला डोकं टेकवून, खाली बघतच बोलायला लागली.

पिंकीच्या पाठीवर सारिकाला दिवस गेले होते, तेव्हाची ती गोष्ट होती. सारिका म्हणजे विक्रमची बायको. “कांदा काढायला मानसं मिळंनात. वळीव आला म्हंजी समदं मातीत. पोरीला तिसरा लागलेला. डाक्टरनं सांगितलेलं, वजन उचलायचं न्हाई. म्या म्हनलं, त्येला काय हुतंय? आमी न्हाई का केलं? म्या उठवली तिला. म्या सोता पाटी दिली तिच्या डोक्याव. येक शबुद बोलली न्हाई गं ती. आन् चार पाट्या न्हेल्या न्हाईत तवर खाली बसली. तवा भ्याले मी. रगात बघून न्हाई. इक्रम आता काय म्हनंल, त्येला भ्याले.”

“मग?”

“मंग काय. दवाखान्यात तिनंच त्येला सांगितलं, मीच गेले व्हते, आईंनी न्हाई धाडलं. आन् मी गप ऱ्हायले. अजून गप हाय.”

करिश्माला उठून आत्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण हालचाल झाली की खिशातल्या मोबाइलला कापड घासून आवाज येतो, हे तिला माहीत होतं. ती बसून राहिली.

पुण्याला आल्यावर पंधरवड्यानं विभागात तिचा सेमिनार झाला. तिनं त्या संभाषणातून एक छोटा तुकडा कापून घेतला होता. ‘म्या म्हनलं’पासून ‘म्या सोता पाटी दिली’पर्यंत. वजनाचं, डॉक्टरचं, दवाखान्याचं वाक्य त्यात नव्हतं. चार वाक्यांत तीन ठिकाणी ‘म्या’ आणि एक ‘सोता’ असा नमुना कुणालाच मिळाला नव्हता. तिनं तो स्पीकरवर लावला. आत्याचा हेल वर्गात घुमला, आणि ‘त्येला काय हुतंय’वर मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं-तिघं हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, वर्गात गमतीचं काही झालं की हसतात तसं ते होतं.

करिश्माही हसली.

ते तिला त्या वेळी जाणवलंसुद्धा नाही. सेमिनार संपल्यावर मॅडमनी पाठ थोपटली. “फार सुंदर नमुना आहे. इतकं सहज बोलणं कसं मिळवलंस? त्यांची संमती घेतली आहेस ना?”

“घेतलीय,” करिश्मा म्हणाली.

“मग ती मूळ रेकॉर्डिंगबरोबर जोडून दे. तोंडी चालेल.”

हॉस्टेलवर परत जाताना तिला गोठ्यातलं आपलं ‘हो, केलं’ पहिल्यांदा आठवलं. तरी तिनं स्वतःची समजूत घातली. आत्या काय परकी आहे? विचारलं असतं तर नाही थोडीच म्हणाली असती? रविवारी ती न्हावऱ्याला गेली. आत्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती. करिश्मानं रेकॉर्डर काढला आणि सांगितलं, आत्या, कॉलेजला लागतं, एवढं एक वाक्य बोल, की तुझं बोलणं वापरायला तुझी परवानगी आहे.

“कंचं बोलनं?”

“हेच गं. आपण केलं ते.”

आत्यानं हात पुसले, पदर नीट केला. “माझ्या भाचीला माझे बोलणे वापरण्यास माझी परवानगी आहे,” ती लाल दिव्याकडे बघत म्हणाली. मग हळूच विचारलं, “बरूबर झालं का?”

“एकदम बरोबर झालं,” करिश्मा म्हणाली. आत्यानं निघताना तिला किलोभर लसूण बांधून दिला.

पुढचं काम लिहिण्याचं होतं. रेकॉर्ड केलेलं बोलणं जसंच्या तसं, उच्चार धरून लिहायचं, श्वाससुद्धा सोडायचा नाही. त्यासाठी एकेक वाक्य दहा-दहा वेळा ऐकावं लागतं. करिश्मा कानाला हेडफोन लावून बसायची. ‘म्या’ आला की त्याला खूण करायची, क्रियापद कोणतं ते लिहायची. म्हनलं, उठवली, दिली. कुणाला तरी काही केलं तिथं आत्या ‘म्या’ म्हणत होती. शेवटच्या वाक्यात मात्र ‘मी गप ऱ्हायले’ होतं. करिश्मानं त्यासमोर लिहिलं, ‘क्रियापद अकर्मक, म्हणून मी’. व्याकरणानं ते अगदी बरोबर होतं. ते लिहून झाल्यावर तिनं हेडफोन काढला.

आत्यानं आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली होती आणि तिनं त्यातली क्रियापदं वेगळी केली होती. शिवाय ‘दिली’नंतर आत्याचा श्वास अडकतो ती जागा तिनं दोन टिंबं देऊन दाखवली होती. तिथंच तिनं तुकडा कापला होता. तिथपर्यंत वर्ग हसत होता, आणि ती पण. आता तिला तो हसण्याचा आवाजही स्वच्छ आठवायला लागला. आठवडाभर तिनं ती फाइल उघडली नाही. जेवताना, आंघोळ करताना, आत्याचं ‘बरूबर झालं का?’ तिच्या कानात यायचं.

शेवटी ती न्हावऱ्याला गेली. फोन करून गेली नाही. आत्या घरामागं कांद्याच्या राशीपाशी बसून खराब कांदे बाजूला काढत होती. करिश्मा समोर बसली आणि तीही कांदे निवडायला लागली. मग म्हणाली, “आत्या, तू त्या दिवशी गोठ्यात बोललीस ना, ते माझ्याकडून मोबाइलमध्ये रेकॉर्ड झालं.”

आत्याचा हात थांबला. “झालं का केलंस?”

“केलं,” करिश्मा म्हणाली.

“यंत्र बंद केलंय म्हनलीस.”

“यंत्र बंद होतं. मोबाइल चालू होता.”

आत्या चिडली असती तर करिश्माला बरं वाटलं असतं. “ऐकव,” आत्या म्हणाली.

करिश्मानं मोबाइल मधे ठेवला. आत्यानं सगळं ऐकलं. धारेचा आवाज, गाईचं शिंग खांबाला लागल्याचा आवाज, आणि मग स्वतःचा. संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

“कुनी कुनी ऐकलं ह्ये?”

“सगळं कुणीच नाही. थोडंसं वर्गात लावलं होतं. पाटी दिली तिथपर्यंत. नाव सांगितलं नव्हतं.”

“मंग? काय म्हनली पोरं?”

करिश्माला खोटं बोलता आलं असतं. “हसली,” ती म्हणाली.

“का?”

“तुझ्या बोलण्याला.”

आत्यानं एक कांदा उचलला, दाबून बघितला, परत ठेवला. “आन् तू?”

“माफ कर आत्या,” म्हणत करिश्मा रडायला लागली. आत्यानं तिला जवळ घेतलं नाही, आणि रागावलीही नाही. “रडू नगं,” एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “मला काय इचारतीस? पोट सारिकाचं व्हतं. तिला इचार, काय करायचं त्ये. मी माझ्या तोंडानं तिला येवढ्या वरसात काय बोलले न्हाई. आता तू सांग.” मग उठली. “जेवून जा.”

सारिका पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. करिश्मानं तिला सगळं सांगितलं, यावेळी ‘माझ्याकडून झालं’ असं कुठंही म्हणाली नाही. सारिकानं मशीन थांबवलं, पण कापडावरचा हात तसाच ठेवला.

“आई असं म्हणाल्या? मी उठवली तिला, असं?”

“हो. ऐकवू का, वहिनी?”

“नको.” सारिका इतक्या झटक्यात बोलली की करिश्मा दचकली. “ताई, मी किती वर्षं वाट बघतेय माहितीय तुम्हाला? मला नुकसानभरपाई नको होती. त्यांनी एकदा माझ्याजवळ बसून म्हणावं, चुकलं गं माझं, एवढंच. मी ह्यांना खोटं सांगितलं ते त्यांच्यासाठी. आणि त्या म्हणाल्या तर तुम्हाला म्हणाल्या. ते पण तुम्ही काढून घेतलंत त्यांच्याकडून.”

“मी पुसून टाकते. वर्गातलं पण सगळं.”

“पुसाच. आणि ह्यांना काही बोलू नका. सांगायचं तर मी सांगेन, नाहीतर नाही सांगणार.” तिनं दोरा तोडला. “मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. आता त्या बोलल्या तरी मला वाटणार, तुम्ही सांगितलं म्हणून बोलल्या.”

करिश्मानं सारिकासमोर मोबाइलमधली फाइल काढून टाकली. सारिकानं बघितलंही नाही, तिचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं. स्वयंपाकघरात आत्यानं ताट वाढून ठेवलं होतं. करिश्मा जेवली. ताट टाकून उठणं तिला आणखी वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना खरं काय ते सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, आपल्या लॅपटॉपमधला तुकडा तिच्यासमोर काढून टाकला, आणि मग सांगितलं की आत्याचंच नव्हे, त्या घरातलं कुठलंच रेकॉर्डिंग आता वापरता येणार नाही. प्रबंध या वर्षी होणार नव्हता. “तू मला खोटं सांगितलंस, त्याचा मला राग आहे,” त्या म्हणाल्या. “पण त्या दिवशी वर्ग हसला तेव्हा मी काही बोलले नाही. ते मी तुझ्यावर ढकलत नाही.” पुढच्या तासाला त्यांनी वर्गासमोर ते बोलून दाखवलं. करिश्मालाही उभं राहून सांगावं लागलं की तो आवाज कसा मिळवला होता. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा रविराज नंतर जवळ आला आणि म्हणाला, “मला माहीत असतं तर हसलो नसतो गं.” तो खरंच वाईट वाटून बोलत होता. पण तिला तर माहीत होतं, आणि तरी ती हसली होती. हे तिनं त्याला सांगितलं नाही.

पुढचं वर्षभर ती पुन्हा गावोगाव फिरली. पाटसला, केडगावला, रांजणगावात कंपनीच्या बस थांबतात तिथं. रेकॉर्डर आधी दाखवायचा, कशासाठी ते सांगायचं, कधीही ‘बंद कर’ म्हणा हे सांगायचं, आणि घाबरल्याचा प्रश्न विचारायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. केडगावच्या चांगुणाबाई नावाच्या एका म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग न्हाई बोलायचं मला. च्या घे आन् जा.” करिश्मानं चहा घेतला, म्हातारीच्या नातीच्या लग्नाचे फोटो बघितले आणि रिकाम्या हातानं परत आली. तिचे नमुने साधे होते, लोक थोडं अवघडून बोलत होते. ‘म्या’ फार थोड्या वेळा सापडला. प्रबंध झाला, बऱ्यापैकी गुण मिळाले. त्यात न्हावऱ्याचं नाव कुठंही नाही.

त्यानंतरच्या भाऊबीजेला आत्या वरवंडला आली. ईश्वर आणि ती मागच्या अंगणात फुलांच्या ढिगापाशी बसली होती. करिश्मा आत चहा करत होती, आणि तिला आत्याचा आवाज येत होता. “आरं ईश्वरा, ही शेवंती कवा लावलीस? म्या मागल्या येळंला बघितलं तवा न्हवती न्हवं हितं.” दोघं मोठमोठ्यानं हसत होती. करिश्मा ट्रे घेऊन बाहेर आली. आत्यानं वर बघितलं, पदर सावरला.

“ठेव बाळ तिथे,” ती म्हणाली. “चहा छान झाला आहे.”

करिश्मानं कप ठेवले आणि आत गेली. चहा अजून आत्यानं चाखलाही नव्हता.

आत्या देवळात गेली तेव्हा ईश्वर यांनी लेकीला हाक मारली. “अक्का तुझ्याशीच आसं पाव्हन्यावानी का बोलती गं? काय झालंय तुमच्यात?”

करिश्मा त्यांच्या शेजारी बसून शेवंतीच्या काड्या मोडायला लागली आणि तिनं सांगितलं. सारिकाची गोष्ट सांगितली नाही, ती तिची नव्हती. स्वतःची सांगितली. वडिलांनी मधे एकदाही तोडलं नाही.

“माफी मागितलीस का?” त्यांनी विचारलं.

“मागितली.”

“काय म्हनली?”

“जेवून जा म्हणाली.”

“मंग परत माग की. अक्का काय तुला न्हाई म्हनल व्हय?”

“नाही म्हणणार. तेच तर, पप्पा. मी मागितलं आणि तिनं दिलं नाही असं कधी झालंच नाही. आता पुन्हा मागितलं तर ती ‘जाऊ दे पोरी’ म्हणेल, मनात असो नाहीतर नसो. म्हणून मी मागत नाही.”

ईश्वर यांनी हातातल्या फुलांची जुडी बांधली, दोरा दातानं तोडला. “मंग नगं मागू,” ते म्हणाले. दोघं जुड्या बांधत राहिले.

चार वाजता करिश्मा स्कूटीवरून आत्याला चौफुल्याला सोडायला गेली. वाटेत आत्याचा हात तिच्या खांद्यावर होता, पण बोलणं झालं नाही. थांब्यावर भाऊबीजेची गर्दी होती. शिरूरची एसटी आली तशी करिश्मानं पुढं घुसून आत्याची पिशवी वर चढवली, एका माणसाला विनंती करून खिडकीपाशी जागा मिळवून दिली आणि खाली उतरली.

“पोचलीस की फोन कर,” ती खिडकीखालून म्हणाली.

आत्यानं मान हलवली आणि काहीतरी उत्तर दिलं. ते पाहुण्यासारखं ‘करते’ होतं की घरचं ‘करती’, हे गाडीच्या आवाजात करिश्माला नीट ऐकू आलं नाही. आणि या वेळेलाही आपण तेच ऐकायला कान टवकारले होते, हे लक्षात येऊन, एसटी केडगावच्या रस्त्याला लागेपर्यंत ती आत्याकडे मान वर करून बघू शकली नाही.